टॅक्सीवाल्याने दाखवलेला सूर्योदय

टॅक्सीवाल्याला डोकं होतं, नाही असं नाही. फक्त ते वापरायची त्याला कधी घाई नसायची. गेल्या रविवारी तर त्याने कमालच केली. बायको पेट्रोल पंपावर हात धुवायला उतरली आणि हा पठ्ठ्या गाडी काढून चालता झाला. वाटभर मागच्या सीटला ऐकवत मेव्हण्याची उणीदुणी काढत राहिला. आज ही भावाची बाजू घेत नाही, उलट उत्तर देत नाही, म्हणून स्वारी मनातून खूशही झाली. घरी पोचून मागचं दार उघडलं, तर सीटवर नुसती तिची पिशवी.

तेव्हापासून अबोला. ती बोलायची ती मांजराशी. त्या माणसाला सांग, मीठ हवं तर उठून घे म्हणावं. आठवडाभरात मांजराचा भाव भलताच वधारला आणि टॅक्सीवाल्याला घर खायला उठलं. चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं, पण हे गप्प राहणं त्याला सोसवेना.

लग्न झाल्यापासून तिला समुद्रावरचा सूर्योदय बघायचा होता. तेवढाच एक उपाय उरला होता. त्याने पहाटे तिला गाडीत बसवलं, ती खरंच बसलीय ना हे दोन-तीनदा वळून पाहिलं आणि किनारा गाठला. पाण्याकडे तोंड करून दोघं वाळूत बसली. आता, जन्मभर मध्यरात्रीपर्यंत गाडी हाकून सकाळी घोरत पडणाऱ्या या माणसाने सूर्योदय पाहिला होता कुठे? संध्याकाळी गिऱ्हाइकं सोडताना सूर्य इथे बुडताना तेवढा पाहिलेला. जिथे बुडतो तिथूनच वर येणार, असा त्याचा सरळ हिशेब.

काळं पाणी राखाडी झालं, मग लाटांच्या कडा गुलाबी झाल्या. ओल्या वाळूत अख्खं आभाळ उतरलं आणि एक खेकडा त्यातून तिरका पळत गेला. सूर्याचा मात्र पत्ता नाही. अडकला असेल कुठेतरी, येईलच, असं टॅक्सीवाला पुटपुटला. एवढ्यात त्याची पाठ तापली. तो धडपडत उठला आणि वळून बघतो तर काय, सूर्य मागच्या घरांच्या छपरांवर केव्हाचा येऊन बसलेला. बायकोसारखा सूर्यही हा पठ्ठ्या मागेच सोडून आला होता.

आता आपली धडगत नाही, हे त्याला कळून चुकलं. पण बायको पुढेच बघत होती. उभ्या नवऱ्याची लांबच लांब सावली थेट पाण्यापर्यंत गेली होती, आणि एक फेसाळ लाट त्या सावलीच्या टकलावरून निवांत फिरून परतली.

ती खो खो हसत सुटली. हसत हसत वळली, तेव्हा सगळं ऊन तिच्या चेहऱ्यावर आलं, कानाजवळचे पिकलेले केससुद्धा चमकले. इतकी वर्षं आपण आरशात नुसती मागची गाडी बघत आलो, असं त्याला वाटलं आणि फार वाईट वाटलं.

"अहो, डोकं भिजलं तुमचं," ती म्हणाली. "पुसून घ्या, सर्दी होईल."

त्याने निमूटपणे रुमाल काढून कोरडं टक्कल पुसलं, जाता जाता डोळेही.

परत निघताना तिने पुढचं दार उघडलं आणि त्याच्या शेजारी ऐसपैस बसली.

"दिसते ना आता? मग काढा गाडी."