गोजरबाईची देववाणी

"डाचसो चतच ठाचम चयच गाच!"

रतनबाईंच्या धाकट्या सुनेच्या, गोजरबाईच्या, तोंडून देववाणी बाहेर पडली आणि अंगणभर माणसं हात जोडून वाकली. घोडेगावजवळच्या नव्या मठाचे महाराज शेजारी डोलत होते. "स्वर्गातली भाषा! तुम्हाला कळत नाही, म्हणूनच ती खरी!"

थोरली सून चांगुणा हेव्यानं नुसती जळत होती. दहा वर्षं या घरात राबली ती, आणि सासू पाया पडतेय धाकटीच्या! महाराजांनी अर्थ सांगितला : थोरलीची गाय मठात सोडा, पाऊस पडेल.

गाय चांगुणाच्या माहेरची, राजूरची. बाहत्तरच्या त्या दुष्काळात चांगुणाचा तान्हा भीमा त्या गायीच्याच दुधावर जगत होता.

"उद्या सकाळी सोडू," सासू म्हणाली.

दुपारी चांगुणा जुनी गोधडी उसवत गोजरला वेडावत बसली. हेवा इतका, की त्या देववाणीतलं एकही अक्षर ती विसरली नव्हती. मधला 'च' तेवढा ओळखीचा वाटला. राजूरला मोठ्यांना कळू नये म्हणून पोरी प्रत्येक अक्षराआधी 'च' लावायच्या. तिनं सगळे 'च' गाळले. डा, सो, त, ठा, म, य, गा. तरी काही लागेना. हात मात्र सवयीनं शेवटच्या टाक्यापासून मागे उसवत होते. तिनं अक्षरंही तशीच मागून घेतली आणि तिचा हात थांबला.

सकाळी गायीला हार घातला, तशी चांगुणा घुमू लागली. "रचचोच जचराच हाचमच!"

महाराज ताडकन उठले. "मला चोर म्हणतेस?"

"बगा, कळलं त्यास्नी!" चांगुणा घुमायची थांबली. "ही राजूरच्या पोरींची भाषा, फकस्त उलटी. गोजरचं बोलनं घ्या. 'च' काढा, मागनं वाचा."

अंगणातल्या माणसांनी बोटांवर मोजत अक्षरं जुळवली. "गा... य... मठात सोडा!" तोवर महाराज वेशीपार झाले होते.

गोजर रडत होती. "त्यांनीच शिकवलं, अक्का. तुमच्या मांडीवर पोर, दावनीला गाय. मला कोन इचारत हुतं?"

आपण जिचा हेवा केला, ती आपलाच हेवा करत होती! चांगुणाला स्वतःची लाज वाटली. ती लोकांकडे वळली. "देवाला सांगायचं आसंल, तर आपल्याच बोलीत सांगंल की! कळलं न्हाई तर पाया पडू नका. आदी इचारा."

मग तिनं दुधाची चरवी गोजरपुढे धरली. जड गेलं, पण धरली.

"आजची धार तू काढ."