सव्वीस नंबरचा कौल

थायलंडमधल्या त्रांगच्या चिनी स्मशानात दर सहा वर्षांनी बेवारशांच्या कबरी उघडतात. हाडं चहाच्या पाण्याने धुवायची, कवटीला सोन्याचा वर्ख लावायचा आणि सगळ्यांना एकत्र अग्नी द्यायचा. हे काम तेक सेंग धर्मसंस्थेचं, म्हणजे दारिकाच्या घरचं. संस्था तिच्या आजोबांनी काढली. ते गेल्यावर बुसबाआत्याने चोवीस वर्षं ओढली. त्या सकाळी आत्याने अध्यक्षाने कौल लावायची ती दोन लाकडं सगळ्यांदेखत दारिकाच्या हातात कोंबली.

"आत्या, मी बँकेत रजा टाकून मदतीला आलेय. गादीवर बसायला नाही."

"गादी कसली? प्लास्टिकची खुर्ची आहे, तिचाही एक पाय वाकडा. बस गुमान. माझ्यानंतर घरात आहेच कोण?"

एकाहत्तर वर्षांच्या बाईला नाही कसं म्हणायचं? दारिका बसली.

प्रत्येक कबरीपाशी कौल लावून परवानगी घ्यायची असते. पंचवीस कबरी सरळ उघडल्या. सव्वीस नंबरपाशी मात्र फावडी थांबली. ही कबर मागच्या तीन खेपांना आत्याला नकार देऊन बसली होती. तिथून कुणी हात जोडल्याशिवाय पुढे जात नसे. दारिकाला तर लहानपणापासून त्या कबरीची भीती. तिथून निघालं की फाटकापर्यंत मागे कुणीतरी चालतंय असं वाटायचं, आणि फाटकाशी ते थांबायचं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

तिने लाकडं टाकली. एक पालथं, एक उताणं. होकार.

"अरे बापरे, एका फटक्यात!" म्हातारा चुआन म्हणाला. तीस वर्षं हाडं धुणारा माणूस, पण त्याच्याही हातातली विडी पडली. "पोरी, तुझीच वाट बघत होता की काय?"

दारिकाने नकळत फाटकाकडे पाहिलं.

सव्वीसची हाडं आत्याने कुणाला धुवू दिली नाहीत. परातीपुढे फतकल मारून बसली आणि एकेक बोट वेगळं धुतलं. दारिका चहा ओतायला वाकली तेव्हा आत्या पुटपुटत होती, "पाणी फार गार नाही ना रे?" म्हातारपणी माणसं असं बोलतात, असं दारिकाने स्वतःला समजावलं.

दुपारी चार वाजता चितेपुढे हाडांच्या पेटाऱ्या मांडल्या. आता अध्यक्षाने प्रत्येक नंबर तीनदा पुकारायचा. कुणी हक्क सांगितला तर पेटारी त्याची, नाहीतर अग्नी. आजोबांचा नियम कडक होता: विचारणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही. अध्यक्षाला स्वतःचा मेलेला नसतो.

"सव्वीस. यात कुणाचं कुणी आहे का?"

कुणी बोललं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा आत्या पुढे आली.

"माझा आहे. माझा भाऊ. वीरात."

वीरात हे दारिकाच्या बापाचं नाव. ती चार वर्षांची असताना तो मलेशियाला गेला आणि परतून आला नाही, हेच तिला सांगितलेलं. त्याच्यावर ती सत्तावीस वर्षं चिडलेली होती.

"नशेत कालव्याकाठी मेला," आत्या हळूच म्हणाली. "बाबा म्हणाले, असला मुलगा माझा नाही, बेवारशांत पुरा. त्यांच्यापुढे ब्र काढायची सोय नव्हती. ते गेले आणि खुर्ची माझ्या गळ्यात पडली. मग विचारणारी मीच, उत्तर कसं देणार? कौल तिन्ही वेळा होकाराचाच आला गं. मीच लाकूड उलटवलं. त्याला बेवारस म्हणून कशी जाळू?"

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू खुर्चीत बसली असतीस?"

दारिकाला ओरडून सांगायचं होतं की तो माझाही आहे. निदान पेटारीला हात तरी लावायचा होता. पण समोर तीनशे माणसं उभी होती, आणि पस्तीस पेटाऱ्यांना अजून कुणी विचारलं नव्हतं. आपण खाली उतरलो तर त्यांना विचारणारं घरात कुणी उरत नाही, हे तिला लख्ख दिसलं. आत्याचा तिला भयंकर राग आला, आणि तिची दयाही आली.

"सव्वीस," ती म्हणाली. "वारस मिळाला. घेऊन जा."

आत्याने पेटारी छातीशी धरली आणि फाटकातून बाहेर नेली. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

"सत्तावीस," दारिकाने पुकारलं. "यात कुणाचं कुणी आहे का?"