प्रायश्चित्ताची सोळा पानं

चर्चचे पाळक घडवणाऱ्या त्या महाविद्यालयात सर एकवीस वर्षं प्रायश्चित्ताचा, म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाने माणसाचं पाप कसं फिटलं याचा, विषय शिकवत होते, आणि एवढ्या वर्षांत माणसावर विश्वास टाकणं काही त्यांना जमलं नव्हतं. वर्गात कुणी खोकलं तरी त्यांना कॉपीचा वास यायचा. मग परीक्षेच्या तोंडावर ग्रंथालयातल्या जाड ग्रंथाची सोळा पानं गायब झाली म्हटल्यावर विचारता सोय नाही. आणि गेली तीही नेमकी कोणती? ख्रिस्ताचं मरण म्हणजे सैतानाला दिलेली खंडणी म्हणणारे जुने आचार्य, देवाच्या मानाची भरपाई म्हणणारे आर्चबिशप, प्रेमाने माणसाचं मन वळवणं म्हणणारे पंडित, आणि अपराध्याची शिक्षा निर्दोषाने भोगली म्हणणारे कायदा शिकलेले धर्मसुधारक. सगळी मंडळी त्याच पानांत होती.

प्राचार्यांनी जाहीर करून टाकलं, चोर पुढे येत नाही तोवर कुणालाच पाळकाची दीक्षा नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरचा लांब्या उभा राहिला. मी घेतली, माझ्याकडून हरवली, म्हणाला. दीक्षेच्या यादीतून त्याचं नाव उडालं. यादी त्याच दिवशी दुपारी चारला बिशपांकडे जायची होती.

सरांना हे काही पटेना. इतकी सरळ कबुली? नक्कीच काहीतरी काळंबेरं होतं. पोरगं पुण्यात्मा म्हणून मिरवायला निघालं असणार, नाहीतर ग्रंथपालबाईंच्या भाचीला पाठीशी घालत असणार, तीही याच वर्गात होती. सकाळभर सर लांब्या, भाची आणि ग्रंथपालबाई, तिघांची मनातल्या मनात उलटतपासणी घेत होते.

दुपारी चष्म्याचं फडकं शोधताना त्यांनी बॅगेचा मागचा कप्पा उघडला. आत सोळा पानं होती, घडी न मोडलेली.

मग सरांना आठवलं. ग्रंथ विटेसारखा जड, शिलाई सुटलेली, आणि डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केलेली. तेवढा सुटा भाग वर्गात न्यावा, तासाभरात परत ठेवावा, असं त्यांनीच ठरवलं होतं. नंतर साफ विसरले.

लांब्या खोलीत ट्रंक भरत होता. सरांनी पानं पुढे धरली. तो चकित झाला नाही, आणि सरांना पुन्हा संशय आला.

"तुला ठाऊक होतं?"

"तुम्ही यातूनच वाचत होतात, सर. मी समोरच होतो." त्याने शर्टाची घडी घातली. "दोन महिन्यांनी तुमचा निरोप समारंभ. तुमच्यावर चोरीचा आळ कशाला? आणि माझ्यावर तर तुमचा चार वर्षं संशय होताच. त्यात आणखी एक."

सरांना फार लाज वाटली. ते तडक प्राचार्यांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. प्राचार्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. प्रकरण मिटलंय, म्हणाले, शिक्षा झाली, नियमाचा मान राहिला, आता उकरून काय काढायचं?

"तुम्हीच तर हे शिकवता," ते पुढे म्हणाले. "एकाने भोगलं, बाकीचे सुटले."

हे वाक्य सरांनी एकवीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. आज पहिल्यांदा ते स्वतः सुटलेल्यांत होते.

"ज्याने भोगलं तो तिकडे ट्रंक भरतोय," सर म्हणाले. "यादीत त्याचं नाव परत लिहा. तोवर मी इथून हलणार नाही."

घड्याळात साडेतीन झाले होते. सरांनी खुर्ची ओढली आणि पानं मांडीवर घेऊन बसून राहिले.