जळालेलं डांबर

आमच्या खान्देशात लेकरं जगत नसली की मरणाला फसवायला वाकडीतिकडी नावं ठेवतात. म्हणून मी उखा आणि माझा दोस्त दगा. सुरतेला आलो तेव्हा लोक हसायचे. गुजरातीत काय, हिंदीत काय, दगा म्हणजे विश्वासघात.

शहाण्णव साली सुरतेतच बमरोलीच्या रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या एकाच टोळीत आम्ही होतो. दगा डांबराच्या टाकीखालचा जाळ सांभाळायचा. डांबराचा थेंब दगडावर निववून तो बोटांत ओढायचा; पाकासारखी तार आली तरच तोटी उघडायचा. जास्त तापलं की डांबर जळतं आणि मग खडी धरून ठेवत नाही. आदल्या वर्षी असलंच डांबर आम्ही गपगुमान टाकलं होतं. पावसात खडी सुटली, सायकल घसरली आणि दगाची चौदा वर्षांची लेक धनश्री टेम्पोखाली गेली. रस्ता आमच्याच हातचा. तेव्हापासून जळकं डांबर टाकू देणार नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

त्या दिवशी दगा चहाला गेला आणि सुपरवायझर नटुभाईनं घाईपायी दुप्पट लाकडं सारली. दगा परतला तेव्हा टाकीतून पिवळा धूर निघत होता. त्यानं थेंब ओढला. तट्‌कन तुटला.

"हाई जयी गयं. जळकं डांबर टाकू नका," तो म्हणाला.

"डामर तो डामर छे! नाखो!" टाका म्हणून नटुभाई ओरडला.

दगा तोटीसमोर आडवा उभा राहिला. नटुभाईनं सळई उचलून त्याच्या कानावर हाणली. रक्त गळ्यापर्यंत आलं. दगानं फावडं उचललं, डोक्याच्या वर नेलं. हा आता खून करणार, या भीतीनं मी सगळा जीव एकवटून ओरडलो, "दगा! दगा!"

पलीकडे खडीचे ट्रक उभे होते. ड्रायव्हर उत्तरेकडचे, आमची नावं त्यांना काय ठाऊक! त्यांना वाटलं, मजुरांनी दगा केला, शेठचा माणूस मारला. जॅकचे दांडे घेऊन चौघे धावत आले. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. माझ्या शब्दानं दगाला लोखंडाचा मार बसला. मी "नाव आहे, त्याचं नाव आहे!" म्हणून बोंबलत होतो. कोण ऐकतो? गुडघा फुटल्याचा आवाज मी ऐकला. दगा पडताना तोटीला लटकला, ती उघडली आणि उकळतं डांबर त्याच्या उजव्या हातावर ओतलं गेलं. तो किंचाळला. मी मूर्खानं ते ओढून काढायला गेलो, तर कातडी सोबत आली.

दगाला टेम्पोत टाकून नेलं. आम्ही नुसते बघत उभे. नटुभाई सळई घेऊन आमच्याकडे वळला. "जुओ छो शुं? नाखो!"

आणि आम्ही टाकलं. मी भेकड, मीसुद्धा टाकलं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. दगाचा उजवा हात कोपरापासून कापला होता. मला बघताच त्यानं विचारलं,

"उखा, ते डांबर टाकं का रे?"

"नही टाकं, भो."

"बरं झायं," तो म्हणाला आणि उरलेला हात माझ्या हातावर ठेवला. त्या हातानं त्यानं मला थोबाडीत मारायला हवी होती.