शाळेच्या खिडकीला पान लागलं!

मुलांनो, घटकाभर डोळे मिटा आणि असं समजा की तुम्ही गर्दीतून वाट काढत देवळाच्या अंगणात शिरला आहात. साल एकोणीसशे अठ्ठावन्न. वेंगुर्ल्याजवळचं कोळ्यांचं लहानसं गाव. भाद्रपदातलं ऊन लख्ख पडलंय. समोर काळी घोंगडी आणि तिच्यावर बसलेले नीळकंठबाबा! त्यांच्या एका हातात लाकडी पेला, दुसऱ्या हातात काचेचा.

"अलख!" बाबा गरजले. "हा पेला हिमालयातल्या नीलवृक्षाचा! अंगातलं विष ओढून घेतो. बुडव बोट, बाई!"

बोट बुडवायला बसली होती सुगंधा. शेजारी तिची लेक तुळसा, चौथीतली. सुगंधाला क्षयाचा खोकला होता. वेंगुर्ल्याच्या दवाखान्यात तिला सुया सुरू होत्या आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, "मध्ये खंड पाडू नका. जिवाशी गाठ आहे."

"लहानपणी पान लागलं होतं तुला?" बाबांनी विचारलं.

त्या गावात 'साप चावला' असं कोणी म्हणत नसे. नाव घेतलं तर तो येतो म्हणे! म्हणून म्हणायचं 'पान लागलां'. आणि भाताच्या खाचरात वावरणाऱ्या माणसाला कधी ना कधी पान लागायचंच.

"व्हय बाबानू. पायाक."

"तेच जुनं विष छातीत चढलंय!"

मग लांबलचक आरती झाली. आरती संपल्यावर बाबांनी लाकडी पेल्यातलं पाणी काचेच्या पेल्यात ओतलं आणि घोंगडीसमोर उन्हात धरलं. पाण्यातून निळी झाक चमकली! अगदी मोरपिसासारखी.

"अरे देवा! वीख!" दत्ताराम ओरडला. घोंगडी त्याचीच होती, त्यामुळे भक्तीही जरा जास्तच होती.

"आता सुई बंद," बाबा म्हणाले. "सुई टोचलीस की विष रक्तात धावेल."

गर्दीच्या धक्क्याने पाणी हिंदकळलं आणि सुगंधाच्या खांद्यावरच्या पांढऱ्या पंच्यावर सांडलं. घरी तुळसाने पंचा धुवायला घेतला, तर डाग निळा नव्हताच. पिवळा होता, कोऱ्या चहासारखा.

असा डाग तिने पाहिला होता. शाळेला नव्या खिडक्या बसवल्या, पावसात त्या भिजल्या आणि खालच्या चुन्याच्या भिंतीवर पिवळे ओघळ उतरले. शाळेच्या सत्यवतीबाई तेव्हा अख्ख्या वर्गावर करवादल्या होत्या, "चहा कोणी सांडला रे?"

सकाळी तुळसाने विचारलं, "बाई, आपल्या खिडक्यांचं लाकूड कसलं?"

"बिवळ्याचं. का गं?"

तुळसाने खिडक्यांचे उरलेले ढलपे शोधले, काचेच्या पेल्यात भिजत घातले आणि दुपारी पाहिलं. पाणी पिवळं. नुसतं पिवळं! ती हिरमुसली. ओतून टाकायला बाहेर उन्हात आली, दुसऱ्या हातात काळी पाटी होती. पाटी पेल्यामागे गेली मात्र...

"बाई! निळां झालां! निळां!"

बाई धावत आल्या. पाटी काढली की पिवळं, लावली की निळं. सावलीत नेलं की निळं गायब. त्यांनी स्वतःच्या हाताने तीनदा करून पाहिलं आणि मग पायात वहाणा घातल्या. "चल देवळात."

देवळात आरती सुरू होती आणि सुगंधाही घोंगडीसमोर बसली होती. तुळसाने पेला उन्हात धरला, मागे पाटी लावली. पाण्यात निळी झाक चमकली तशी गर्दी पुढे सरकली.

"ह्यां कोणाचां वीख गो?" दत्तारामने विचारलं.

"शाळेच्या खिडकेचां," तुळसा म्हणाली. "आमच्या खिडकेक पान लागलां काय, बाबानू?"

सगळं अंगण हसलं. बाबा मात्र लाल झाले. "नास्तिक पोर! हिनेच बोट बुडवलं असेल!"

"मग तुमचा पेला जरा सभामंडपात आणा," सत्यवतीबाई शांतपणे म्हणाल्या. "विष असेल तर सावलीतही निळंच दिसेल."

"सावली आली, मळभ आलं की देव मौन धरतो," बाबा पुटपुटले.

"म्हणान परवा मळभ इलां तेव्हा बाबांचां पोट दुखलां!" मागून कोणीतरी ओरडलं. तोवर दत्ताराम स्वतःच बाबांचा पेला घेऊन सावलीत गेला होता. आत जाऊन त्याने पाहिलं, बाहेर येऊन पाहिलं, पुन्हा आत गेला. मग त्याने बाबांच्या बुडाखालची घोंगडी ओढायला सुरुवात केली.

सत्यवतीबाई पायरीवर उभ्या राहिल्या. "बिवळा आपल्याच रानातला. त्याच्या गाभ्यातला रस पाण्यात उतरतो, ऊन पडलं की निळा चमकतो. मागे काळं असलं की ती चमक नीट दिसते, एवढंच. लाकूड मोठं गुणाचं आहे. खांब करा, दारं करा, गाडीची चाकं करा, वाळवी सहसा वाटेला जात नाही. वैद्य त्याचं औषध करतात, त्याचा किती उपयोग होतो तेही पारखून घ्यावं. लाकूड कधी खोटं बोललं नाही, बोलला तो माणूस. म्हणून चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तो सावलीत नेऊन बघा. पेल्याविना करा, मंत्राविना करा. खरं असेल ते टिकेल."

सुगंधा अजून पंच्याचं टोक चिमटीत धरून बसली होती. "पण बाई, सुयेन वीख धावात तर?"

"आये, तू आजची सुई चुकवलंस काय तर माका भीती वाटता," तुळसा म्हणाली.

सुगंधा उठली. तेवढ्यात वळणावर वेंगुर्ल्याच्या एसटीचा भोंगा वाजला. तुळसाने पाटी बाईंच्या हातात कोंबली, आईचा हात धरला आणि धावत जाऊन भर रस्त्यात, गाडीसमोर, दुसरा हात पसरून उभी राहिली.