उदयचा दगडी कोळसा

मी कोळशाचा खडा बोलतोय. हुक्क्यातला नव्हे, कबाबाच्या शेगडीतला नव्हे. मी दगडी कोळसा. कुवेतमध्ये, फहाहीलच्या एका खोलीत मी चार वर्षं खिडकीच्या कठड्यावर बसून होतो. या तेलाच्या देशात मला कुणी ओळखतही नव्हतं.

नारळाच्या अर्ध्या वाटीएवढा माझा आकार. एक अंग काळं कुळकुळीत. दुसऱ्या अंगावर राखाडी दगडाचा पातळ थर, आणि त्या थरावर एका पानाचा ठसा. पान लांबट, मध्ये शीर, शेंडा मोडलेला. कोट्यवधी वर्षांपूर्वी ते एका दलदलीत पडलं. त्याच्यावर चिखल पडला, चिखलावर आणखी पानं. आम्ही सगळे दबून दबून काळे झालो.

माझं गाव दक्षिण आफ्रिकेच्या उंच माळावर. समुद्रापासून दूर आणि पाच हजार फूट वर. झाडं थोडी, गवत फार. हिवाळ्यात ते गवत पिवळं पडतं आणि सकाळी त्याच्यावर दव गोठून पांढरं होतं. उन्हाळ्यात दुपारी काळे ढग येतात, वीज कडाडते, गारा पडतात आणि तासाभरात पुन्हा ऊन. तसं आभाळ मी नंतर कुठे पाहिलं नाही. कुवेतचं आभाळ धुळीनं भरतं, पण ते क्वचितच गडगडतं.

आमच्या गावात कोळसा जमिनीच्या फार खाली नाही. आधी ओढ्याच्या काठाला लोक तो कुदळीनं खणायचे आणि बैलगाडीतून विकायचे. मग सोन्याच्या शहराकडे जाणारी रेल्वे आली आणि आमचं नशीब पालटलं. सोनं त्या शहराचं, आणि ते वर काढायला लागणारी आग आमची. खाणी वाढल्या. लांबलांबच्या मुलखातून माणसं करारावर आली. बायकामुलं गावी, आणि इथे एकेका खोलीत बारा-बारा जण. मग वीज करणारे कारखाने आले, त्यांचे ते गरगरीत उंच मनोरे, आणि दिवसभर त्यांच्यातून निघणारी पांढरी वाफ. चांगला कोळसा शेकडो डब्यांच्या गाडीत बसून बंदराला जायचा. हलका होता तो गावातच जळायचा. संध्याकाळी गरीब वस्तीत पत्र्याच्या डब्यांना भोकं पाडून शेगड्या पेटायच्या, आणि सगळा माळ धुरात बुडून जायचा. त्या धुरानं माणसं खोकायची, तरी त्याच्याभोवतीच बसून हसायची.

मग एकेक खाण संपली. खाली आधाराला सोडलेले कोळशाचे खांबही काढून विकले, तेव्हा वरची जमीन खचली. काही जुन्या खाणी आतून पेटल्या त्या पेटल्याच. ओढ्याचं पाणी गंजासारखं तांबडं झालं. दुकानं बंद पडली. तरी ते माझं गाव. त्याची आठवण आली की मला अजून गारांचा आवाज ऐकू येतो.

तिथेच मला उदय भेटला. कणकवलीकडचा वेल्डर. वीज कारखान्यात बॉयलरच्या नळ्या जोडायला तीन वर्षांच्या करारावर आला होता. जेवणाच्या सुट्टीत एक म्हातारा खाणकामगार त्याच्याशेजारी बसायचा. गावाची ही सगळी गोष्ट त्यानं मोडक्या इंग्रजीत उदयला सांगितली, तशी त्याच्या पिशवीतून मीही ऐकली. करार संपला त्या दिवशी म्हाताऱ्यानं मला उदयच्या हातात ठेवलं. "मुलीला दे," म्हणाला.

उदय दोन महिने घरी राहिला, पण मला पिशवीतून काढायचं विसरून गेला. कुवेतला आल्यावर पिशवी उघडली, तर तळाशी मी.

त्याच्या खोलीतला देवगडचा तौफीक तर हसून लोळला. "तेलाच्या देशात कोळसो घेवन इलंस? विमानवाल्यांनी सोडल्यानी कसो तुका?"

"गप रे. चेडवाचो आसा तो," उदय म्हणाला.

चेडू म्हणजे त्याची मुलगी, समिधा. आता ती सातवीत आहे. उदयनं तिला फोनवर माझं पान दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिनं बाईंना विचारलं आणि संध्याकाळी बापालाच शिकवलं, "बाबा, आपलो देश नि आफ्रिका पयली चिकटलेली होती. असला पान चंद्रपुराच्या खाणीतय गावता." त्या दिवसापासून मी तिचा झालो. दर शुक्रवारी मी फोनसमोर. "हलवा नको, नीट धरा," ती सांगायची. दोनदा उदय सुट्टीवर गेला. एकदा सामानाचं वजन जास्त झालं म्हणून मी राहिलो, एकदा घाईत. "पुढल्या येळेक नक्की," तो म्हणायचा.

ती पुढची वेळ आलीच नाही. एका शुक्रवारी दुपारी कपडे वाळत घालून तो जरा आडवा झाला आणि उठला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. वय एक्केचाळीस.

त्याचा धाकटा भाऊ जयदीप पाच महिन्यांपूर्वीच कुवेतला आला होता. शुवैखमध्ये गॅरेजात कामाला, राहायलाही तिकडेच. शाळा आठवीतच सोडलेली, हात चलाख, डोकं गरम. उदय गावी गेला तो पेटीतून, आणि जयदीपला बरोबर जाता आलं नाही. त्याचं ओळखपत्र अजून झालं नव्हतं, कागद अडकले होते. तिकडे कणकवलीला चुलतभावानं अग्नी दिला. इकडे जयदीप फोनवर ते बघत जिन्यात बसला होता.

बाराव्याला तो फहाहीलला आला. तौफीकनं काळ्या वाटाण्याची उसळ केली, भात केला, वडे तळले. कावळ्यासाठी वाढलेली वाडी खिडकीत ठेवली, तर तिच्यावर कबुतरं आली. जयदीपनं त्यांना हाकललं नाही. धुपाला निखारे हवेत म्हणून तौफीक खालच्या दुकानात कोळसा आणायला गेला. "पाच मिनिटां थांब," सांगून गेला.

जयदीप थांबला नाही. कधी थांबतो तो? त्याची नजर माझ्यावर पडली. दादाचा कोळसा. दादानं इतकी वर्षं जपलेला. त्यानं मला उचललं आणि गॅसवर ठेवलं.

"दादाक अग्नी मी देवचो होतो," तो मलाच म्हणाला. "दुसऱ्यान दिल्यान. ह्येका तरी माज्या हातान देतंय."

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो, अरे, पान खालच्या बाजूला आहे, ज्योतीवर. मी लाकडाचा कोळसा नाही, चटकन पेटत नाही. आधी धुमसतो. पिवळट धूर निघाला, गंधकाचा उग्र वास सुटला. धुराचा भोंगा वाजला. इमारतीचा इजिप्शियन राखणदार दारात येऊन "एह दा? एह दा?", हे काय, हे काय, करायला लागला. त्याच्या मागून तौफीक.

"अरे येड्या, ह्या काय केलंस? समिधाचा पान आसा त्येच्यार! तिका देवचा होता!"

जयदीपचा चेहरा मी पाहिला. त्यानं मला उघड्या उजव्या हातानं उचललं. कातडी चरचरली तरी सोडलं नाही. तौफीक "पाण्यात नको!" म्हणेपर्यंत त्यानं मला बादलीत बुडवलं.

मी तडकलो. पानाचा थर चुरा होऊन तळाशी गेला. आणि मी आडवा फुटलो, पाव उघडावा तसा. आत दुसरं पान होतं. शेंड्यासकट, पुरं. एका तुकड्यावर खोलगट, दुसऱ्यावर किंचित उठलेलं. ते माझ्यात आहे हे मलाही ठाऊक नव्हतं.

दोघांनी राखणदाराला समजावून खाली पाठवलं. मग तौफीक हळूच म्हणाला, "ह्याच ता, म्हणान सांग. पोर आसा. तिका काय कळतला?"

तेवढ्यात रत्नमालाचा, म्हणजे उदयच्या बायकोचा, फोन आला. सोबत समिधा होतीच. "काका, बाबांच्या खोलीत आसास मा? माझा पान बरा आसा?"

जयदीपनं तुकडा फोनसमोर धरला. हाताला ओलं फडकं गुंडाळलेलं होतं.

ती पडद्याजवळ आली. "ह्या ता न्हय. त्येचो शेंडो मोडलेलो होतो."

तौफीकनं त्याच्याकडे पाहिलं. 'ह्याच ता' एवढं म्हटलं की जयदीप सुटत होता.

"जळला ता, बाय," तो म्हणाला. "मीच गॅसवर ठेवलंय. माका म्हायत नव्हता."

नुसता फोन आईच्या हातात गेला. त्यानंतर तीन शुक्रवार जयदीपनं फोन केला, आणि तीनही वेळा रत्नमाला म्हणाली, "भावोजी, ती अभ्यासाक बसली हा."

काल तौफीकच्या फोनवर तिचा निरोप आला. तो सुट्टीवर चाललाय हे तिला कळलं होतं. "तौफीक काका, येताना ता पान घेवन येवा." एवढंच. काकाचं नाव त्यात नव्हतं.

माझा उठलेल्या पानाचा तुकडा आज तौफीकच्या पिशवीत, उदयच्या धुतलेल्या शर्टात गुंडाळलेला आहे. खोलगट तुकडा जयदीपनं मागून घेतला. तो शुवैखला त्याच्या खाटेखाली असतो. दोन्ही मीच. आता कुठल्या तुकड्यातून बोलतोय ते मला सांगता येत नाही.

समिधा, तुझ्या बाबानं दाखवलेलं पान मी आणू शकलो नाही. ते बादलीच्या तळाशी गेलं. मी हे दुसरं आणतोय, जे तुझ्या बाबानं कधीच पाहिलं नाही. आवडलं नाही तर ठेवू नकोस. पण एक ऐक. काकाला त्या दिवसाबद्दल विचारायचं असेल तर विचार. तू विचारशील तितक्या वेळा तो खरं सांगेल, कारण खोटं सांगायची सोय होती तेव्हाही त्यानं ते सांगितलं नाही. फक्त विचारायच्या आधी त्याचा भाजलेला उजवा तळहात बघ, आणि मग एकदाच विचार.