मास्तरांचा बंद व्हिडिओ गेम

मी एक व्हिडिओ गेम बोलतोय. आजवर मी जे काही बोललो ते नुसतं टुंगटुंग आणि ढिशुम, त्यामुळे अख्खी वाक्यं बोलायची सवय नाही. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला, यात कौतुक करण्यासारखं काही नाही. त्या दिवशी माझी शेकडो भावंडं जन्मली आणि सगळ्यांचा चेहरा एकच: राखाडी डबा, वर लाल बटण, पुढे दोन रिमोट. खोक्यावर मात्र माझा थाट होता. धावती मोटार, उडतं विमान आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘हजारो खेळ’. माझ्या पोटात मोटार नव्हतीच. आणि हजारो खेळ म्हणजे तेच आठ-दहा खेळ, नावं बदलून पुन्हापुन्हा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

मला विकत घेतलं एका टेलरमास्तरांनी, शाळेत जाणाऱ्या मुलीसाठी. घरात तिला छकुली म्हणत. ती अभ्यास झाला की खेळायची, पण खरे खेळाडू मास्तरच. दुपारी दुकान बंद करून जेवायला आले की, “जरा बघतो, नीट चालतोय का,” म्हणत विमानाचा खेळ लावायचे. त्यांची बोटं माझ्या बटणांवर अशी नाचायची की मलाच वाटायचं, आपण फार भारी यंत्र आहोत.

छकुलीची आई आतून हाक मारायची, “अहो, जेवण निवतंय.”

“एवढं विमान उतरवतो आणि आलोच.”

“त्या खेळात विमान उतरत नाही, मला माहितीये.”

पुढे छकुली मोठी झाली, दातांची डॉक्टर झाली, लग्न करून पलीकडच्या गल्लीत राहायला गेली. माझी वायर माझ्याच अंगाभोवती करकचून गुंडाळून मला कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं. मी मनाची समजूत घातली, मला जपून ठेवलंय. जपून ठेवणं आणि विसरून जाणं यांतला फरक अंगावर धूळ बसल्यावर कळतो. माझ्या अंगावर तर तिचे थर होते.

मग एका संध्याकाळी छकुलीने मला खाली काढलं. मास्तरांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. चालणं सुधारलं, बोलणं सुधारलं, पण उजव्या हाताची बोटं काही वळेनात. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. मास्तर तो बाजूला सारायचे. “चेंडू दाबून शर्ट शिवला जातो का?” म्हणायचे. दुकानाचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करून पडायचे.

“बाबा, विमान उडवायचं का?” छकुलीने विचारलं. “बोटांनाही तेवढीच हालचाल.”

मास्तर नाही म्हणाले नाहीत. त्या दिवसांत हेच पुष्कळ होतं.

मी तर फुगून गेलो. शेवटी या घराला माझी गरज पडली! आईंनी फडक्याने मला पुसलं, छकुलीने प्लग लावला, मास्तर उठून बसले. लाल बटण दाबलं.

काही नाही. दिवा नाही, आवाज नाही. मी आतून इतका जोर केला, पण जोर करायलाही आत वीज लागते.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. “त्याचंही माझ्यासारखंच झालंय,” म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले. ज्याला हसवायला आणलं त्यालाच मी रडवायला बसलो होतो. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण मी होतो टेबलावर.

छकुली मात्र चिवट. दुसऱ्या दिवशी दवाखाना संपवून आली आणि कामाला लागली. आधी त्याच प्लगवर इस्त्री लावून बघितली. इस्त्री तापली, म्हणजे भिंतीत वीज होती. मग वायरमनकडून वीज मोजायचा मीटर मागून आणला. अडॅप्टरमधून वीज बाहेरच येत नव्हती. करकचून गुंडाळलेली वायर आतल्या आत तुटली होती.

“बघ, नुसता अडॅप्टर,” मास्तर पडल्यापडल्या म्हणाले. मलाही हायसं वाटलं. दोष माझा नव्हताच!

तेवढ्याच व्होल्टचा नवा अडॅप्टर आला. बटण दाबलं. मी ढिम्म. माझी फुशारकी त्या अडॅप्टरएवढीही टिकली नाही.

आता पोट उघडणं भाग होतं. प्लग काढून छकुलीने मला पालथा घातला. स्क्रू गंजलेले. तिचा स्क्रू ड्रायव्हर सारखा घसरायचा.

“अगं, आधी दाबून धर, मग फिरव,” मास्तर उठून बसले. “दात उपटतेस की काय?”

“दात बरा, बाबा. निदान हलतो तरी.”

“खाच घालवशील सगळी. आण इकडे.”

त्यांनी हात पुढे केला. उजवा. आईंच्या हातात चहाचा कप होता, त्या तिथेच थांबल्या.

बोटं मिटेनात. स्क्रू ड्रायव्हर एकदा खाली पडला, पुन्हा पडला. छकुली उचलून द्यायची आणि दुसरीकडेच बघायची. मास्तरांनी डाव्या हाताने उजव्याची मूठ आवळली, दात-ओठ खाल्ले, आणि स्क्रू कर्र करून फिरला. त्यांच्या कपाळावर घाम होता. चहाचं कोणालाच भान नव्हतं. एकेक करत त्यांनी सगळे स्क्रू काढले, मधूनमधून दम खात, मला शिव्या देत. इतक्या गोड शिव्या मी आयुष्यात ऐकल्या नाहीत.

आत धूळ आणि एक मेलेलं झुरळ. हेच माझं भारी यंत्र! छकुलीने प्लग पुन्हा लावून मीटरने वीज कुठवर पोचते ते तपासलं. फ्यूज शाबूत होता. वीज लाल बटणापर्यंत यायची आणि तिथेच अडायची.

“हे बघा बाबा, आतल्या पत्र्यांवर काळा थर बसलाय. कीड लागल्यासारखा.”

स्पिरिट आणि कापूस तिच्याकडे होताच. तिने प्लग काढून पत्रे घासले, चांगले वाळू दिले. झाकण मास्तरांनीच लावलं.

प्लग लावून बटण दाबलं आणि माझा दिवा लागला. टीव्हीवर विमान उडालं. मास्तरांचा अंगठा बटणावर पोचेपर्यंत ते आपटलं. पुन्हा उडालं, पुन्हा आपटलं. मास्तर हसत होते. आईही, डोळे पुसत.

एवढी वर्षं मी चालू होतो तेव्हा लोकांचं जेवण निववलं, याखेरीज काही केलं नाही. उपयोगी पडलो तो बंद पडल्यावर. अशा गुणाचं यंत्र शोधून सापडायचं नाही.

छकुली मला आवरून ठेवू लागली तेव्हा मास्तर म्हणाले, “राहू दे टेबलावर. उद्या पुन्हा उघडायचाय.”

“आता कशाला? झाला की चालू.”

“आवाज जरा बारीक येतोय. आत बघायला लागेल.”

छकुलीने आईंकडे बघितलं. आईंनी स्क्रू ड्रायव्हर उचलून मास्तरांच्या उशाशी ठेवला.

माझ्या आवाजात काहीएक दोष नाही, हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो. पण त्यांना सांगू नका.